ग्रँट मुलीची, मार्क कॉलेजचे: कॅलिफोर्नियातलं एक प्रकरण

हे सगळं २०१२ च्या उन्हाळ्यातलं आहे. मी तेव्हा कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत एका छोट्या खाजगी, नफ्यावर चालणाऱ्या कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसात काम करायचे. कॉलेजचं नाव लिहीत नाही, मुलीचंही नाही, आणि ओळख पटेल असे बारीकसारीक तपशील बदललेत. कायदा, तारखा, सरकारी आकडे मात्र आहेत तसेच आहेत. आता लिहायचं कारण म्हणजे आपल्याकडे महाराष्ट्रात हल्ली वारंवार ऐकू येतं की फ्रीशिप, शिष्यवृत्तीचे पैसे नॅकची (कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेची) ग्रेड नसलेल्या कॉलेजांना द्यायचेच कशाला, निकालाशी जोडा म्हणजे सुधारतील. विचार चुकीचा नाही, मलाही पटतो. पण जोडताना काय काय होतं ते मी टेबलाच्या अलीकडे बसून बघितलंय म्हणून सविस्तर लिहितेय.

पार्श्वभूमी

कॅल ग्रँट ही कॅलिफोर्निया राज्याची शिष्यवृत्ती. कर्ज नाही, परत करायची नाही. उत्पन्न आणि मार्क बघून मिळते, २ मार्चच्या आत अर्ज करायचा असतो, आणि मुलगा किंवा मुलगी ज्या पात्र कॉलेजात जाईल तिथे पैसे जातात. म्हणजे ग्रँट विद्यार्थ्याची, पण चेक कॉलेजच्या नावाने. पुढचा सगळा घोळ या एका गोष्टीतून झाला.

२००८ च्या मंदीनंतर राज्याची तिजोरी आटली होती, बेकारी १२ टक्क्यांच्या वर गेलेली, आणि नोकरी गेलेली माणसं, त्यांची पोरं, सगळे कोर्सेसच्या मागे लागले होते. आमच्यासारख्या करिअर कॉलेजांची चांदी झाली कारण जाहिरात जोरात, ॲडमिशन दोन दिवसांत, आणि फी पेल ग्रँट (केंद्र सरकारची गरीब मुलांसाठीची मदत, हीसुद्धा परत करायची नाही), कॅल ग्रँट, फेडरल म्हणजे केंद्र सरकारचं कर्ज यातून परस्पर भरली जायची. मग बरीच मुलं अर्ध्यात सोडायची, कर्ज डोक्यावर, डिग्री नाही. हे खरंच होत होतं, आमच्याकडेही होत होतं, ते लपवण्यात अर्थ नाही.

म्हणून २०११ मध्ये राज्याने पहिल्यांदा रेघ ओढली. कॉलेजचा तीन वर्षांचा कोहॉर्ट डिफॉल्ट रेट २४.६ टक्क्यांच्या आत पाहिजे, नाहीतर तिथे नवीन कॅल ग्रँट नाही. जुन्या मुलांची त्या वर्षी २० टक्के कापून चालू ठेवली. हा रेट म्हणजे काय, तर एका वर्षात ज्यांची फेडरल कर्जाची परतफेड सुरू झाली त्यातल्या शंभरांपैकी किती जणांनी तीन आर्थिक वर्षांत कर्ज बुडवलं, आणि बुडवलं म्हणजे कित्येक महिने हप्ताच भरला नाही. आमचा होता १७ च्या जरा वर. आम्ही पास. ऑफिसात कोणी फार लक्षही दिलं नाही.

आणि एक सूट होती जी नंतर महत्त्वाची ठरली: ज्या कॉलेजात फेडरल कर्ज घेणारी मुलं ४० टक्के किंवा त्याहून कमी आहेत त्यांना हा नियमच लागू नाही. ही सूट मुख्यतः कम्युनिटी कॉलेजांसाठी (सरकारी, दोन वर्षांची कॉलेजं), कारण तिथे फी इतकी कमी की बहुतेक मुलं कर्ज घेतच नाहीत.

अडचण

मे २०१२ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी राज्याची तूट १५.७ अब्ज डॉलर झाल्याचं सांगितलं. जून अखेरीस बजेटवर सही झाली आणि त्याच्यासोबतच्या कायद्यात रेघ एकदम कडक झाली. डिफॉल्ट रेट २४.६ वरून थेट १५.५ च्या आत, आणि शिवाय ग्रॅज्युएशन रेट, म्हणजे कोर्स पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण, ३० टक्क्यांच्या वर. ग्रॅज्युएशनमध्ये आम्ही कसेबसे पास होतो. डिफॉल्टमध्ये नापास, दोनेक टक्क्यांनी.

आता वेळ बघा. सही जून अखेरीस, आमचं सेमिस्टर ऑगस्टअखेर. मुलांनी २ मार्चला अर्ज केलेला, वसंतात त्यांना ग्रँट मंजूर झाल्याचं कळलेलं, आमच्या ऑफिसने त्यांना फीचा हिशेबही पाठवलेला ज्यात कॅल ग्रँटची ओळ होती. आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात कळलं की ती ओळ खोडायची. नव्याने येणाऱ्यांत आणि जुन्यांत मिळून आमच्या यादीत जवळपास नव्वद नावं होती. राज्यभर शंभराहून जास्त संस्था अशा बाहेर फेकल्या गेल्या, बहुतेक नफ्यावर चालणाऱ्या.

त्या यादीतली एक मुलगी, तिला इथे 'र' म्हणते. आईवडील द्राक्षाच्या मळ्यात कामाला, घरात स्पॅनिश, घरातली कॉलेजला जाणारी पहिलीच. शाळेत मार्क चांगले म्हणून तिला कॅल ग्रँट ए (त्यातला एक प्रकार) मिळालेली, त्या वर्षी खाजगी कॉलेजसाठी जास्तीत जास्त ९,२२३ डॉलर. पेलचे जास्तीत जास्त ५,५५० वेगळे. या दोन्हीवर तिची आमच्याकडची बहुतेक फी निघत होती. कॅल ग्रँट काढली की नऊ हजारांचं भगदाड.

मला जे तेव्हाही खटकलं आणि आजही खटकतं ते असं की ज्या आकड्यावर 'र' ची ग्रँट गेली तो आकडा तिच्या वर्गातल्या मुलांचा सुद्धा नव्हता, तो होता तीन-चार वर्षांपूर्वी आमच्याकडून बाहेर पडून भर मंदीत नोकरी शोधणाऱ्या मुलांचा. तेव्हा ती शाळेत होती. कॉलेजला शिक्षा म्हणून काढलेला नियम, आणि वळ उठला तिच्या पाठीवर.

समोर काय पर्याय होते

जुलैमध्ये मीटिंगवर मीटिंगा झाल्या. मी ज्युनिअर, पण आकडे माझ्याकडे म्हणून बसायचे.

आकड्यालाच आव्हान द्यायचं, हा पहिला विचार. डिफॉल्ट रेटचा कच्चा आकडा दर फेब्रुवारीत येतो, त्यात चुका असतील तर ४५ दिवसांत कळवायचं. ती मुदत कधीच गेली होती. कोणी नीट तपासलंच नव्हतं कारण मागच्या वर्षीच्या रेघेच्या आपण खूप आत होतो ना. म्हणजे इथेच पहिली चूक आमची, राज्याची नाही.

दुसरा पर्याय त्या ४० टक्क्यांच्या सुटीचा. मार्केटिंगवाल्या गृहस्थांनी सुचवलं की मुलांना फेडरल कर्जापासून लांब नेऊ, खाजगी बँकेचं कर्ज किंवा कॉलेजचे स्वतःचे हप्ते देऊ, म्हणजे फेडरल कर्ज घेणारे ४० टक्क्यांच्या खाली आले की आपण नियमातूनच सुटलो. कागदावर पूर्णपणे कायदेशीर. पण फेडरल कर्जाला उत्पन्नाप्रमाणे हप्ता करून मिळतो, अडचणीत थांबवता येतं. खाजगी कर्जाला बहुतेक वेळा यातलं काही नाही, व्याजही जास्त. म्हणजे मुलगा जास्त खड्ड्यात आणि कॉलेजचा आकडा स्वच्छ. आमच्या डिरेक्टरबाईंनी हे तिथल्या तिथे उडवलं, त्याबद्दल मला त्यांचा आजही आदर वाटतो.

तिसरा, कन्सल्टंट लावायचा. 'डिफॉल्ट मॅनेजमेंट' नावाचा अख्खा धंदा आहे तिकडे. ते काय करतात, तर कॉलेज सोडून गेलेल्या आणि हप्ते थकलेल्या मुलांना फोनवर फोन करतात आणि फॉरबेअरन्स घ्यायला लावतात, म्हणजे हप्ता थांबतो पण व्याज चालूच. फॉरबेअरन्समध्ये असलेला मुलगा डिफॉल्टमध्ये मोजला जात नाही. तीन वर्षांची खिडकी अशी ढकलून काढली की नंतर त्याने बुडवलं तरी कॉलेजच्या रेटला धक्का नाही.

चौथा, कॉलेजने स्वतःच्या खिशातून या मुलांची फी कमी करायची. पाचवा, ज्याच्याबद्दल मीटिंगमध्ये सगळ्यात कमी बोललं गेलं: मुलांना सरळ सांगायचं की बाळा, तुझी ग्रँट मेली नाहीये, फक्त आमच्याकडे चालत नाही, दुसऱ्या पात्र कॉलेजात घेऊन जा.

कमी का बोललं गेलं ते उघड आहे. मुलगा गेला की कॅल ग्रँटसोबत पेलही जाते, सगळी फी जाते.

काय केलं

ठरलं असं की कन्सल्टंट लावायचा, थोड्या मुलांना फीत सवलत द्यायची, आणि सगळ्यांना पत्र पाठवायचं. पत्राचा मसुदा माझ्यासमोर झाला. त्यात होतं की राज्याच्या बजेट कपातीमुळे तुमची कॅल ग्रँट या वर्षी उपलब्ध नाही, पर्यायी मदतीसाठी ऑफिसला भेटा. एकही वाक्य खोटं नाही. पण ग्रँट दुसरीकडे नेता येते हे त्यात नव्हतं, आणि आपला डिफॉल्ट रेट जास्त आहे म्हणून हे झालं हेही नव्हतं. वाचणाऱ्याला वाटणार की सगळ्या राज्यातल्या सगळ्यांचीच गेली.

मी दोन शब्द बोलले, मला सांगितलं गेलं की जे भेटायला येतील त्यांना तोंडी सांगूच. मी गप्प बसले. व्हिसाचं टेन्शन होतं, नवीन नोकरी होती, कारणं काहीही असोत, मी गप्प बसले.

पत्रं जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गेली. भेटायला आले अर्ध्याहून कमी. 'र' आलीच नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी सिस्टीममध्ये बघितलं तर तिने खाजगी कर्जाचा फॉर्म अर्धवट भरून ठेवलेला, सोबत सही करणारं म्हणून मामाचं नाव. तेव्हा मला राहवलं नाही, मी फोन केला. तिला विचारलं पत्र कळलं का, तर म्हणाली हो, गव्हर्नरने पैसे बंद केले. मग मी तिला सगळं सांगितलं, रेट काय, रेघ काय, आणि ग्रँट तिची आहे, राज्याच्या वेबसाईटवर जाऊन कॉलेज बदलता येतं. बराच वेळ ती काही बोललीच नाही. मग विचारलं, मग तुम्ही आधी का नाही सांगितलं? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या दिवसापासून मी यादी घेऊन संध्याकाळी फोन करायला लागले. डिरेक्टरबाईंना सांगून. त्या नको म्हणाल्या नाहीत, हो पण म्हणाल्या नाहीत.

आता 'जा दुसरीकडे' म्हणणं सोपं, पण कुठे? कम्युनिटी कॉलेज हा साधा मार्ग, फी त्या उन्हाळ्यात ३६ वरून ४६ डॉलर प्रति युनिट (म्हणजे क्रेडिटमागे) झालेली, तरी गरीब मुलांना माफच. पण त्याच तुटीमुळे कम्युनिटी कॉलेजांचेही पैसे कापलेले, वर्ग कमी केलेले. त्या फॉलमध्ये, म्हणजे ऑगस्टअखेर सुरू झालेल्या सत्रात, राज्यभर ४,७०,००० हून जास्त विद्यार्थी कुठल्या ना कुठल्या वर्गाच्या वेटिंग लिस्टवर होते. म्हणजे राज्याने एका हाताने वाईट दुकानाचं दार लावलं, बरोबर केलं, पण दुसऱ्या हाताने चांगल्या दुकानातलं सामानही उचललं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोठा धोरणात्मक घोळ हाच आहे.

आणि 'र' च्या बाबतीत तर रजिस्ट्रेशनचा तिचा नंबर लागेपर्यंत इंग्लिश आणि मॅथ्सचे सगळे सेक्शन फुल होते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात कळलं असतं तर जागा होत्या, मी स्वतः नंतर तिथल्या काउन्सेलरला विचारून खात्री केली.

पुढे काय झालं

'र' ने त्या सेमिस्टरला दोनच वर्ग मिळवले. पूर्णवेळ नाही म्हणून पेलही कमी आली, तिने पॅकिंग शेडमध्ये पाळी धरली. पण इथे कॅल ग्रँटमधली एक चांगली सोय कामाला आली जी फार मुलांना माहीत नसते: ए ग्रँट घेऊन कम्युनिटी कॉलेजला गेलं तर ती राखीव राहते, दोन वर्षं, मागितलं तर तिसरं पण, आणि चार वर्षांच्या कॉलेजात ट्रान्सफर झालं की परत चालू होते. तिला तिसरं वर्ष मागावं लागलं, त्या वाया गेलेल्या सेमिस्टरमुळेच. मग ती राज्याच्या युनिव्हर्सिटीत गेली जिथे फी वर्षाला ५,४७२ डॉलर होती आणि ती ग्रँटमधून पूर्ण निघाली. डिग्री झाली, कर्ज अगदी थोडं. आमच्याकडे राहिली असती तर काय झालं असतं ते छातीठोक सांगता येणार नाही पण खाजगी कर्ज आणि अर्धवट शिक्षण याची शक्यता बरीच होती, कारण त्याच यादीतला एक मुलगा नेमका त्याच वाटेने गेला. त्याला मी फोन केला तेव्हा त्याचं कर्ज मंजूर झालेलं होतं. दीड वर्षात त्याने सोडलं.

म्हणजे नियमाने 'र' चं भलंच केलं असं कोणी म्हणेल, आणि मी ते नाकारणार नाही. ती आमच्यापेक्षा चांगल्या ठिकाणी पोचली. पण ती पोचली ते एका उशिरा केलेल्या फोनमुळे, नियमात तिच्यासाठी काही व्यवस्था होती म्हणून नाही.

कॉलेजचं काय झालं? कन्सल्टंटचे फोन चालू झाले आणि दोनेक वर्षांत डिफॉल्ट रेट १५.५ च्या आत आला. कॉलेज परत पात्र. या काळात शिक्षक तेवढेच, ट्यूटरिंग तेवढंच, ग्रॅज्युएशन रेट जवळपास तिथेच. सुधारला तो फक्त आकडा. त्याची किंमत जुन्या मुलांनी मोजली: ३०,००० डॉलरचं कर्ज तीन वर्षं फॉरबेअरन्समध्ये ठेवलं तर ६,७४२ डॉलर जास्तीचं व्याज पडतं, हा हिशेब अमेरिकी संसदेच्या ऑडिट खात्याने, गाओने, २०१८ च्या रिपोर्टमध्ये मांडला. त्यांनी बघितलेल्या ९ कन्सल्टंटपैकी ५ जण मुलांना फॉरबेअरन्सकडेच ढकलत होते. मी तो रिपोर्ट वाचला तेव्हा पहिल्यांदा कळलं की आमच्या कॉलेजात जे चाललेलं ते देशभर चाललेलं.

तसं परत पात्र होऊनही कॉलेजला फार हाती लागलं नाही, कारण २०१३-१४ पासून राज्याने आमच्यासारख्या संस्थांसाठी ग्रँटची रक्कमच ४,००० डॉलरवर आणली. मी तोवर नोकरी सोडली होती.

आणि रेघेच्या आत असणं म्हणजे चांगलं असणं नाही हे सगळ्यात भयानक पद्धतीने दिसलं २०१५ मध्ये. कोरिंथियन कंपनीचं हील्ड कॉलेज, कॅलिफोर्नियात दीडशे वर्षांचं जुनं नाव, तिथे शेवटपर्यंत कॅल ग्रँटची मुलं होती. एप्रिल २०१५ मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्याने नोकऱ्या लागल्याचे खोटे आकडे दिले म्हणून जवळजवळ ३ कोटी डॉलरचा दंड ठोकला आणि महिनाअखेरीस कंपनीने उरलेली सगळी कॉलेजं बंद करत असल्याचं एका रविवारी जाहीर केलं, सुमारे १६,००० मुलं रस्त्यावर. त्या मुलांनी खर्च केलेली ग्रँटची वर्षं परत द्यायलाही राज्याला किती वेळ लागला.

अजून एक. कोव्हिडमध्ये मार्च २०२० पासून फेडरल कर्जाचे हप्ते थांबवले, ते २०२३ पर्यंत थांबलेले. हप्ताच नाही तर डिफॉल्ट कुठून होणार, त्यामुळे देशाचा डिफॉल्ट रेट ७.३ वरून २.३ आणि मग चक्क शून्यावर आला. म्हणजे त्या वर्षांत हा काटा बंद होता आणि सगळीच कॉलेजं त्यावर पास होती, चांगली पण आणि वाईट पण.

वेगळं काय करता आलं असतं

राज्याकडून: रेघ ओढायलाच पाहिजे होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण सहीपासून दोन महिन्यांत लागू? एक वर्ष आधी जाहीर केली असती तर मुलांनी २ मार्चच्या अर्जातच दुसरं कॉलेज टाकलं असतं. आणि ज्या कॉलेजच्या विरोधात निकाल लागला त्याच्याच हातात पत्र लिहायचं काम असता कामा नये, विद्यार्थ्याला राज्याने थेट कळवावं, त्याच्या भाषेत, 'तुझी ग्रँट जिवंत आहे, जवळची ही चार पात्र कॉलेजं' अशा शब्दांत. ९ हजारांची ग्रँट कापून जे वाचले त्यातला थोडा भाग शेजारच्या कम्युनिटी कॉलेजात इंग्लिश, मॅथ्सचे वर्ग वाढवायला दिला असता तर 'र' चं सेमिस्टर गेलं नसतं.

मोजमापाबद्दल: डिफॉल्ट रेट हा फोन करून हलवता येतो. त्याऐवजी कर्जाची मुद्दल खरंच कमी होतेय का हे बघितलं असतं तर फॉरबेअरन्सची पळवाट बंद झाली असती, कारण हप्ता थांबवलेल्याची मुद्दल काही उतरत नाही. ग्रॅज्युएशन रेटमध्येही गोम आहे, त्यात तेव्हा फक्त पहिल्यांदाच आणि पूर्णवेळ ॲडमिशन घेतलेलेच मोजले जायचे. आमच्याकडे संध्याकाळच्या बॅचला येणाऱ्या पस्तिशीतल्या आया, ज्या परत शिकायला आलेल्या, त्या या आकड्यात नव्हत्याच. त्या पास झाल्या काय आणि सोडून गेल्या काय, कॉलेजला काही फरक पडत नव्हता. जे मोजलं जात नाही त्याच्याकडे मीटिंगमध्ये कोणी बघत नाही, हे मी प्रत्यक्ष बघितलंय.

महाराष्ट्रात हा विचार करणाऱ्यांनी माझ्या मते एक गोष्ट आधी ठरवावी. शाहू महाराज शिष्यवृत्ती असो किंवा २०२४ पासून व्यावसायिक कोर्सला जाणाऱ्या, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या मुलींना मिळणारी फी माफी, मुलगी ॲडमिशन घेते तेव्हा तिच्या गावापासून एसटीने जाता येईल असं कॉलेज कदाचित एकच असतं. त्याची ग्रेड गेली म्हणून तिची माफी गेली तर ती दुसऱ्या कॉलेजात जाणार नाही, ती घरी बसेल. तेव्हा नवीन ॲडमिशन थांबवा, कॉलेजवर माणूस नेमा, पण आत असलेल्या मुलीची फी शेवटच्या वर्षापर्यंत चालू ठेवा, आणि ते जीआरमध्येच लिहा.

कॉलेजकडून: फेब्रुवारीचा कच्चा आकडा दरवर्षी तपासायचा, पास असलो तरी. पत्रात खरं कारण लिहायचं.

आणि माझ्याकडून. मसुदा समोर होता तेव्हा एक ओळ घालायला हवी होती, ग्रँट दुसरीकडे नेता येते एवढीच. नोकरी गेली नसती बहुतेक, आणि गेली असती तरी. मी ऑगस्टभर फोन केले त्यात साठेक जणांशी बोलणं झालं, त्यातल्या एकोणीस जणांनी कॉलेज बदललं. उरलेल्या जवळपास तीस जणांचे नंबर लागले नाहीत, काहींचे बंद होते, काहींनी उचलले नाहीत. त्यांच्यापैकी कोणी अजूनही समजत असेल की त्या वर्षी गव्हर्नरने सगळ्यांचेच पैसे बंद केले होते.